तुपाशी जेवण आणि लेकरांचे हृदय

‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ अशी म्हण आपल्याकडे हटवादी माणसाला उद्देशून वापरली जाते. यातले तुपाशी आणि उपाशी हे दोन्ही शब्द कधी काळी एकाच उपचारात हातात हात घालून येतील, असे ही म्हण घडवणाऱ्याच्या मनातही आले नसेल. पण तसे झाले आहे खरे. आकडी येणाऱ्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी वैद्यकशास्त्रात ‘कीटोजेनिक आहार’ नावाचा उपचार गेली शंभर वर्षे आहे. त्याचे सूत्र एवढेच, की शरीराला आपण उपाशी आहोत असे भासवायचे, आणि ते भासवण्यासाठी मुलाला तुपाशी जेवू घालायचे!

गृहविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले. निवृत्त झाल्यावरही नाशिकमधल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी अडीअडचणीला घरी येतात. त्यांच्यापैकी काहींच्या घरात, काहींच्या नात्यात असे एखादे लेकरू असते. डॉक्टरांनी आहाराचा तक्ता दिलेला असतो. तो वाचून घर हादरलेले असते. प्रश्न बहुधा एकच असतो, “बाई, एवढे तूप, लोणी, साय रोज पोटात गेली, तर पोराच्या हृदयाचे काय होईल?” हा प्रश्न आईपेक्षा आजोबांच्या तोंडी अधिक असतो. कारण आजोबांची स्वतःची अँजिओप्लास्टी झालेली असते आणि ‘तूप बंद’ हा मंत्र त्यांना डॉक्टरांनीच दिलेला असतो.

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. त्याला ‘काही होत नाही हो’ असे गुळमुळीत उत्तर देणे, किंवा ‘नकोच ते थेर’ म्हणून तक्ता केराच्या टोपलीत टाकणे, ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या आहाराचा हृदयाशी संबंध आहे. तो मोजता येतो, त्यावर नजर ठेवता येते आणि बहुतेक मुलांत तो आवाक्यात ठेवता येतो. खरा धोका ताटातल्या तुपापेक्षा, कोणी मोजमाप न घेता वाढलेल्या तुपात आहे.

उपासातून निघालेली वाट

उपास केला की आकडी थांबते, हे निरीक्षण फार जुने आहे. १९११ साली पॅरिसमध्ये गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी अपस्माराच्या रुग्णांना उपास घडवून त्याचा लेखी अहवाल दिला. पुढे अमेरिकेत ह्यू कॉन्क्लिन नावाचे गृहस्थ रुग्णांना कित्येक दिवस नुसत्या पाण्यावर ठेवत. आकडी थांबे, पण मूल किती दिवस उपाशी ठेवणार? जेवायला बसले की दुखणे पुन्हा हजर.

या पेचातून १९२१ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी वाट काढली. उपासात साखर संपते तेव्हा शरीर चरबी जाळू लागते आणि यकृतात ‘कीटोन’ नावाची द्रव्ये तयार होतात. मेंदू साखरेऐवजी त्यांवर चालतो. मग वाइल्डर यांनी विचार केला, की जेवणातली साखर व पिष्ट जवळजवळ काढून टाकले आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर माणूस जेवूनही शरीर उपासाच्याच रीतीने चालेल. ‘कीटोजेनिक आहार’ हे नावही त्यांचेच. आपल्या एकादशीने मात्र हे साधत नाही, हेही सांगून टाकते. साबुदाणा, बटाटा, रताळे ही सारी पिष्टाची कोठारे आहेत!

१९३८ साली फेनिटॉइन हे औषध आले. गोळी देणे सोपे, आहार सांभाळणे कठीण. साहजिकच आहार मागे पडला. तो पुन्हा चर्चेत आला १९९४ च्या सुमारास. हॉलिवुडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या चार्ली या लहानग्याला अनेक औषधांनी आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेनेही गुण आला नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हा आहार सुरू झाला आणि त्याची आकडी थांबली. या कृतज्ञतेतून अब्राहम्स यांनी संस्था काढली आणि १९९७ साली मेरिल स्ट्रीप यांना घेऊन एक चित्रपटही केला.

चित्रपटाने आशा वाढते, पुरावा मिळत नाही. तो पुढे मिळाला. २००८ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील चमूने १४५ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून तुलना प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. आपल्याकडेही काम झाले. मुंबईचे डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय जेवणात बसवलेल्या या आहाराचा १०५ मुलांवरचा अनुभव २००९ साली प्रसिद्ध केला. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १०२ मुलांवर थोडा सैल असलेला ‘सुधारित अ‍ॅटकिन्स आहार’ तपासला गेला. २०१३ साली आलेल्या त्या अहवालानुसार आहार घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, इतरांत साडेअकरा टक्के मुलांचे.

पोळी गेली, द्राक्षे गेली

हे आकडे वाचायला सोपे, पण ताटात उतरवायला महाकठीण. मूळ कडक आहारात पिष्ट आणि प्रथिने मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ ४ ग्रॅम, असे प्रमाण असते. म्हणजे एकूण उष्मांकांपैकी ९० टक्के स्निग्ध पदार्थांतून. ‘एम्स’च्या त्या सैल आहारातही दिवसाला पिष्ट अवघे १० ग्रॅम होते. आपल्या एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम असते! नाशिकचे नाव ज्यांनी जगभर नेले त्या द्राक्षांच्या १०० ग्रॅमच्या घडात १६-१७ ग्रॅम असते. म्हणजे पोळी गेली, भात गेला, वरण गेले, द्राक्षे गेली. देवळातला प्रसाद आणि वर्गातल्या मित्राच्या वाढदिवसाचे चॉकलेट गेले. खोकल्याचे गोड औषधसुद्धा विचारल्याशिवाय द्यायचे नाही.

उरते काय? साय, लोणी, तूप, पनीर, खोबरे, शेंगदाण्याचे तेल, अंडी खाणाऱ्यांना अंडी. भाज्यांत फ्लॉवर, पालक, मेथी, दुधी, काकडी, ग्रॅममध्ये मोजून. फ्लॉवर किसून त्याचा ‘भात’ करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा ओट्यावर ठेवून, वहीत प्रत्येक घास लिहून ठेवणारी एक आई तर मला कोणत्याही प्रयोगशाळेतल्या संशोधकाइतकीच थोर वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अपस्माराच्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघांची आकडी औषधांनी आटोक्यात येते. अशांनी या आहाराच्या वाटेला जाण्याचे कारणच नाही. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेतली दोन औषधे देऊनही जिथे गुण येत नाही, तिथे तज्ज्ञ या आहाराचा विचार करतात. ‘ग्लूट-१’ कमतरतेसारख्या काही मोजक्या जन्मजात विकारांत तर तो पहिलाच उपचार असतो. दिवसातून पाच-दहा वेळा आकडी येणारे मूल शाळेत बसू शकत नाही, बोलायला शिकलेले विसरते, पडून डोके फोडून घेते. आकडी आली की अजूनही आपल्याकडे कांदा नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात. लासलगावचा कांदा कितीही झणझणीत असला तरी त्याने आकडी थांबत नाही. ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. पाच मिनिटांत थांबली नाही, तर रुग्णालय गाठायचे असते.

हृदयावर काय होते?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. जॉन्स हॉपकिन्सच्याच डॉक्टरांनी २००३ साली १४१ मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी ‘वाईट’ म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल सरासरी ५० मिलिग्रॅमने वाढले होते. ट्रायग्लिसराइड वाढले होते आणि ‘चांगले’ एचडीएल थोडे उतरले होते. मुलांच्या रक्तात एलडीएल ११० च्या आत असणे चांगले आणि १३० च्या वर जाणे जास्त मानतात, हे लक्षात घेतले म्हणजे ५० ची वाढ किरकोळ नाही, हे कळते. आजोबांची शंका इथपर्यंत खरी ठरते.

पण गोष्ट इथे संपत नाही. एक आणि दोन वर्षांनी तपासलेल्या मुलांत ही वाढ टिकून असली, तरी कमी झाली होती. रक्तवाहिन्यांचे काय? स्वीडनमधील २६ मुलांच्या अभ्यासात (२०१४) वर्षभरात मानेतल्या रोहिणीची लवचीकता कमी झालेली दिसली. दोन वर्षांनी मात्र आधीच्या स्थितीशी तुलना करता लक्षणीय फरक उरला नव्हता. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांना थोड्या काळाच्या पाहणीत रोहिणीत फरक आढळला नाही. हॉपकिन्सने २०१० साली आहार सोडून काही वर्षे झालेल्या मुलांची विचारपूस केली. ज्यांचे रक्त तपासले, त्यांचे कोलेस्टेरॉल सर्वसाधारण होते. ग्लूट-१ कमतरतेमुळे दहा वर्षे हाच आहार घेतलेल्या दहा रुग्णांचा जर्मनीतील अहवाल २०१८ साली आला. त्यातही हृदयविकाराचा धोका वाढल्याची खूण दिसली नाही. दहा रुग्ण म्हणजे मूठभरच, हे मान्य. ही मुले साठीला पोचतील तेव्हा काय, याचे उत्तर आज कोणाच्याच पोतडीत नाही. पण एक गोष्ट विसरू नये. हा आहार बहुतेक मुलांना जन्मभर घ्यायचा नसतो. गुण आला, तर साधारण दोन वर्षांनी तो हळूहळू सोडवतात. आजोबांच्या हृदयाचे दुखणे चाळीस-पन्नास वर्षांच्या साठवणीचे असते. नातवाची दोन वर्षे त्याच मापाने मोजता येणार नाहीत.

कोलेस्टेरॉलची चर्चा घराघरांत होते, पण जो धोका खरोखर तातडीचा असू शकतो त्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते. ते नाव म्हणजे सेलेनियम. हे खनिज शरीराला नाममात्र लागते, पण हृदयाच्या स्नायूला त्यावाचून चालत नाही. चीनच्या केशान भागात १९३५ साली हृदय फुगून दुबळे होण्याचा रोग आढळला. तिथल्या मातीत आणि म्हणून धान्यात सेलेनियम फार कमी आहे, हे पुढे कळले. कीटोजेनिक आहारात धान्य नाही, डाळ नाही. वरून पूरक गोळी दिली नाही, तर हीच उणीव ताटात निर्माण होते. २००३ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी अशाच एका मुलाच्या हृदयस्नायूच्या विकाराची नोंद केली. या आहारावर असताना हृदय अचानक थांबून मृत्यू आल्याची दोन उदाहरणे २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एका मुलात सेलेनियमची उणीव सापडली होती.

दुसरी खूण ईसीजीत दिसते. एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला हृदयाला लागणारा वेळ ‘क्यूटी’ या अंतराने मोजतात. तो लांबला तर ठोक्यांची लय बिघडण्याची भीती असते. २००० साली या आहारावरच्या २० मुलांच्या पाहणीत तिघांमध्ये तो लांबलेला आढळला. रक्तात आम्लता जास्त, कीटोन जास्त, त्यांच्यात हे अधिक दिसले. त्यांतल्या एकाचे हृदय फार फुगले होते. आहार थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. पुढच्या काही अभ्यासांत वर्षभरात ईसीजीत असा बदल आढळला नाही. म्हणजे हा धोका सर्रास नाही, पण ज्याच्या वाट्याला येईल त्याला तो परवडणारा नाही. शोधला तर सापडतो आणि वेळीच सापडला तर बहुधा आवरतो.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. न आवरणारी आकडी स्वतःच जिवावर उठू शकते. अपस्माराच्या रुग्णाला, बहुधा झोपेत, अचानक मृत्यू येतो. मुलांत वर्षाला सुमारे साडेचार हजारांत एक, असे त्याचे प्रमाण अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली दिले. सर्वांग ताठरून येणारे झटके जितके वारंवार, तितका हा धोका वाढतो. म्हणून तुपाच्या भीतीने आकडी चालू ठेवणे, हे काही सुरक्षित राहणे नव्हे.

काटा हातात हवा

मग कुटुंबाने करावे काय? आहार सुरू करण्यापूर्वी घराण्याचा इतिहास डॉक्टरांना सांगावा. चाळिशीत हृदयविकार, रक्तात मुळातच फार कोलेस्टेरॉल, घरात कोणाचा अचानक मृत्यू असे काही असेल, तर लपवू नये. काही जन्मजात विकारांत शरीराला चरबी जाळताच येत नाही. अशा मुलाला हा आहार विषासमान ठरतो, म्हणून आधी त्यासाठी तपासणी हवी. उपाशीपोटी रक्तातले कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, शक्य तिथे सेलेनियम आणि कार्निटाइन तपासावे. ईसीजी काढून घ्यावा का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे. तो स्वस्त असतो आणि तालुक्याच्या गावीही निघतो. पुढे पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी या तपासण्या ठरल्या वेळी व्हाव्यात.

कोलेस्टेरॉल चढले म्हणून घरच्या घरी आहार एकदम तोडू नये. आकडी उसळून येऊ शकते. आहारतज्ज्ञाकडे उपाय असतात. चारास एक हे प्रमाण थोडे उतरवता येते. तूप-लोण्याचा काही वाटा शेंगदाणा, तीळ किंवा ऑलिव्हच्या तेलावर नेता येतो. वनस्पती तुपाला मात्र या घरात थारा नको. पूरक गोळीच्या वेष्टनावर सेलेनियम लिहिले आहे का आणि तिच्यात साखर तर नाही ना, हे आईने स्वतः वाचावे. ‘एम्स’ने २०२० साली कडक आहार, सुधारित अ‍ॅटकिन्स आणि रक्तातली साखर हळू वाढवणारा सौम्य आहार अशा तिघांची १७० मुलांत तुलना प्रसिद्ध केली. झटके तिन्हींत कमी झाले आणि सौम्य आहारात दुष्परिणाम सर्वांत कमी होते. म्हणजे कडक आहार झेपत नसेल तर सारे संपले, असे मानू नये.

याउलट एक चाल मला फार धास्तावते. वजन उतरवण्यासाठी ‘कीटो’ची लाट आली आणि जिमच्या भिंतीवर, मोबाइलवर तक्ते फिरू लागले. असाच एक तक्ता एका घरात आकडीच्या मुलासाठी वापरायला काढलेला मी पाहिला आहे. त्यात ना पूरक गोळी, ना रक्ततपासणी, ना पाण्याचा हिशेब. मोठ्या माणसाची हौस आणि वाढत्या लेकराचा उपचार यांचे फक्त नाव सारखे आहे.

नाशिकने मनावर घ्यावे

शेवटी प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. नाशिक शहरात आता मेंदूविकारतज्ज्ञ आहेत. पण हा आहार केवळ औषधाच्या चिठ्ठीवर चालत नाही. त्याला आहारतज्ज्ञ लागतो आणि तोही दर आठवड्याला फोन उचलणारा. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून लेकरू घेऊन निघालेल्या आईला नाशिक गाठण्यातच दिवस जातो. तिथून कसारा घाट उतरून मुंबईला जा, असे तिला सांगणे म्हणजे उपचार नाकारणेच होय. मग तपासण्या चुकतात, गोळी संपते, आणि ज्याची भीती होती ते घडायला वाट मोकळी होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांची तपासणी करून आकडीसारखे विकार शोधणे हा त्याच्या कामाचा भाग आहे. आकडीचे मूल शोधणारी यंत्रणा आहे, तर त्याच्या आहाराचा पाठपुरावा करणारी एक खिडकी जिल्हा रुग्णालयात का नसावी? आठवड्यातून एक दिवस मेंदूविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि ईसीजीचे यंत्र एका छताखाली आणावे, सेलेनियमचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय करावी आणि पूरक गोळ्या मोफत द्याव्यात. याला काही कोट्यवधी लागणार नाहीत. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. आहारतज्ज्ञ आणि परिचारिकांसाठी या विषयाचा एखादा छोटा अभ्यासक्रम त्याने सुरू केला, तर नाशिकच काय, नंदुरबार आणि गडचिरोलीच्या मुलांनाही त्याचा लाभ होईल. पाककृतींची एक मराठी पुस्तिकाही हवी. ज्वारी-बाजरीच्या घरात काय शिजवायचे, हे इंग्रजी तक्त्यातून त्या आईला कळणार नाही.

आजोबांना माझे सांगणे एवढेच असते, की तुमची भीती सोडू नका, पण ती योग्य जागी लावा. नातवाच्या वाटीतले तूप पाहून तक्ता फाडू नका. त्याऐवजी सूनबाईला विचारा, तपासणीची तारीख कधी आहे, गोळी दिली का, ईसीजी झाला का. घरात असे विचारणारे एक माणूस असले, तर त्या लेकराच्या मेंदूची आणि हृदयाचीही निम्मी काळजी वाहिली जाते. उरलेली निम्मी वाहण्याची जबाबदारी शासनाची आणि या शहराची आहे.